खाडीवाटे वसईस

कल्याणहून कर्जतच्या दिशेने आगगाडी निघाली की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. या स्थानकाजवळून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालून ती येथे येते आणि पुढे कल्याणला उल्हास नदीस मिळते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पाणी आज इतके बिघडले आहे की, तिच्यात होडी घालण्याचे कोणी मनातही आणणार नाही. परंतु तेथून थोड्याच अंतरावर, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीची रुंद खाडी पसरलेली आहे. आणि ती खाडी थेट अरबी समुद्रास जाऊन मिळते.

समजा, विठ्ठलवाडीच्या एका शाळेतील दहा मुलामुलींनी आपले दोन शिक्षक बरोबर घेऊन या खाडीवाटे वसईपर्यंत जावयाचे ठरविले. वाटेत दोन रात्री मुक्काम करावयाचा आणि तिसऱ्या दिवशी वसईचा किल्ला गाठावयाचा. होड्या कोणत्या? दोघे दोघे बसतील अशा सहा कयाक. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. ती अरुंद व हलकी असते, आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवितात. आता त्या प्लॅस्टिकच्या मिळतात.

मुलांचा पहिला प्रश्न बहुधा असा असेल : बरोबर खाऊ कोणता घ्यावयाचा? जाणत्या नाखव्यास विचारले तर तो म्हणेल, "खाऊचे मागाहून पाहू. आधी तिथी कोणती ते सांगा."

हा प्रश्न विनोदाचा नव्हे. खाडीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते. उतरत्या पाण्याबरोबर निघालेली होडी जणू उतारावरून चालते. चढत्या पाण्याशी झुंजणारी होडी तासभर वल्हवूनही फारशी पुढे सरकत नाही. म्हणून निघण्याची वेळ घड्याळाने नव्हे, ओहोटीने ठरते. भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशोब कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. नवमीस पावणेसात, दशमीस साडेसात. हिशोब ढोबळ आहे, त्यामुळे त्या वर्षीचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टकही पाहावेच लागते. तरीही कागद हाताशी नसताना हा हिशोब उपयोगी पडतो.

पौर्णिमेस व अमावास्येस उधाणाची भरती येते. मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत चार मीटरांहूनही अधिक फरक पडतो. एवढे पाणी सहा तासांत खाडीतून बाहेर पडावयाचे, तेव्हा त्याला ओढ किती असेल! शिवाय ओहोटी संपता संपता दोन्ही काठांना गुडघाभर, क्वचित कंबरभर चिखल उघडा पडतो, आणि होडी काठाला लावणेच अशक्य होते. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते आणि सावकाश वाहते.

वाऱ्याचाही विचार हवा. पावसाळ्याचे दिवस तर वर्ज्यच; पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. वसईकडे जाणाऱ्यांना सकाळचा वारा पाठीशी आणि दुपारचा तोंडावर. आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. अष्टमी, नवमी व दशमी या दिवशी भरती सकाळी लवकर पूर्ण होते, ओहोटी दुपारपर्यंत चालते आणि पाण्याला ओढही बेताची असते. दिवाळीनंतरच्या एखाद्या अष्टमीस निघावे, हे उत्तर अशा रीतीने पंचांग आणि वारा दोघे मिळून देतात.

एक अडचण उरते. समुद्रावरची भरती कल्याणपर्यंत आत येण्यास वेळ लागतो. तो किती, हे अंदाजाने ठरवू नये. पंधरा दिवस आधीच्या अष्टमीस मुलांनी दुर्गाडीच्या काठी जावे, खुणा केलेला बांबू पाण्याच्या कडेला रोवावा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कोणत्या खुणेवर आहे ते वहीत टिपावे. पाणी चढावयाचे थांबून उतरू लागले की, निघण्याची वेळ सापडली.

आता अंतर. वळणे धरून हा जलमार्ग पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर भरतो. बळकट गडी ताशी सहा किलोमीटर वल्हवील. पण हिशोब त्याचा करावयाचा नाही. सहा होड्यांतील जी सर्वांत मंद, तिचा वेग हाच सर्वांचा वेग. तो ताशी चार किलोमीटर धरावा. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी लांबची मजल मारण्याचा मोह होतो, आणि संध्याकाळी तळहातांना फोड येऊन बसतात. म्हणून पहिला टप्पा आखूड, मुंब्र्यापर्यंतच. दुसरा घोडबंदरपर्यंत, तो सर्वांत लांब. तिसरा वसईचा, दहा किलोमीटरांच्या सुमारास.

दुसऱ्या दिवशी ठाण्याजवळ सावध राहावे लागते. येथे पाण्याला फाटा फुटतो. डावीकडचा अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीस मिळतो. मुख्य प्रवाह उत्तरेकडे वळतो. चुकून डावीकडे गेलेल्या होडीचा सगळा हिशोब बिघडेल, कारण त्या फाट्यात दोन्ही बाजूंनी भरती शिरते. पुढे जाणाऱ्या होडीने येथे थांबून मागच्या पाचही होड्या मोजाव्या, मगच वळावे.

मुक्कामाची जागा पाहण्यास मोठ्या माणसांनी आधीच एकदा जमिनीवरून जाऊन यावे. नकाशावर काठ हिरवा दिसतो. ती हिरवळ बहुधा तिवरांची असते. तिवरांच्या खाली चिखल व खेकडे असतात आणि रात्री भरतीचे पाणी येते. ही झाडे तोडण्यास बंदी आहे. घोडबंदरच्या अलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर खाडीजवळ येतात. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून राहता येत नाही. त्यापेक्षा काठच्या गावातील शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचे अंगण मागून घ्यावे. तेथे गोडे पाणीही मिळते, आणि खाडीच्या प्रवासात सर्वांत जड सामान पाणीच असते. माणशी दिवसास चार लिटर धरले तर बारा जणांना अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो लागतात. तीन दिवसांचे एकदम घेतले तर प्रत्येक होडीत चोवीस किलोंचे ओझे होईल. रोज भरून घेतले तर आठच.

प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे. ते होडीत ठेवण्याची वस्तू नव्हे. आधी एका दिवशी उथळ, स्वच्छ पाण्यात प्रत्येकाने होडी मुद्दाम उलटी करून पुन्हा तीत चढून दाखवावे. ज्याला हे साधत नाही त्याला साधेपर्यंत सर्वांनी थांबावे. निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात नावांची यादी व परतण्याची वेळ द्यावी. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकास पाठ असावा.

हा मार्ग नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रमार्गाच्या ग्रंथात कल्याण बंदराचे नाव आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची उभारणी या खाडीवर सुरू केली. वसईचा किल्ला पोर्तुगिजांचा होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला.

तिसऱ्या दिवशी वसईचा तट दिसू लागला की, कोणीतरी म्हणेलच : "गुरुजी, समुद्र समोरच आहे. पुढे अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत जाऊ या की!" याचे उत्तर तेथे शोधावयाचे नाही. ते विठ्ठलवाडीसच वहीत लिहिलेले असले पाहिजे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावते आणि दुपारचा खारा वारा त्यावर आत येऊन आदळतो. तेथे आखूड, उभ्या लाटा उठतात. नवख्यांच्या होड्या त्या लाटांत टिकत नाहीत. म्हणून वहीत लिहावे : 'मुखाच्या आत, वसईच्या काठी उतरणे. अकरा वाजेपर्यंत घोडबंदर सुटले नाही, तर त्या दिवशी निघणे नाही.' त्याखाली बाराही जणांनी सह्या कराव्या.

होड्या मालमोटारीत चढवाव्या. मुलांनी वसई रोड स्थानकावरून दिव्याच्या गाडीत बसावे. भिवंडी ओलांडल्यावर गाडी खाडीच्या पुलावर येते. त्या वेळी सर्वजण खिडकीशी जमतील, आणि आपण खालून गेलो तो हाच पूल का, यावर वाद होईल. दिव्याहून दुसऱ्या गाडीने कल्याण, आणि त्याच्या पुढचे स्थानक विठ्ठलवाडी.