लहान ट्रॅक्टरसाठी भरवशाच्या इंजिनाची निवड

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा व आसपासच्या गावांत कांदा, भाजीपाला व फळबागांच्या कामास लहान ट्रॅक्टर सोयीचा पडतो. तो बागेच्या ओळींतून सहज फिरतो आणि हायड्रॉलिकमुळे अवजार हाताने उचलावे लागत नाही. असा ट्रॅक्टर घरीच तयार करावा व त्यावर विहिरीवरील इंजिन बसवावे, असा विचार काही शेतकरी करतात. पुणे जिल्ह्यास तेल-इंजिन नवे नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. तथापि पंपावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले इंजिन ट्रॅक्टरवरही भरवशाचे ठरेलच असे नाही. याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

पंपाचा भार दिवसभर जवळजवळ एकसारखा असतो. नांगराचा फाळ मात्र मऊ मातीतून एकाएकी कठीण थरात शिरतो. त्या वेळी इंजिनाचे फेरे कमी होतात. फेरे घटले तरी ज्याचा टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, टिकून राहतो तेच इंजिन बंद न पडता काम ओढते. म्हणून केवळ अश्वशक्तीचा आकडा न पाहता, किती फेऱ्यांवर किती टॉर्क मिळतो हे विचारावे. या कामी डिझेल इंजिन सरस ठरते व त्यास इंधनही कमी लागते.

हायड्रॉलिक पंपाचा हिशेब वेगळा करावा. तेलाचा दाब बारमध्ये व प्रवाह दर मिनिटास लिटरमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करावा व त्यास ६०० ने भागावे. उत्तर किलोवॅटमध्ये येते. दाब १५० बार व प्रवाह २० लिटर असल्यास ५ किलोवॅट होतात. पंपातील तूट धरता इंजिनावर सुमारे ८ अश्वशक्तीचा भार पडतो. म्हणजे २० अश्वशक्तीच्या इंजिनात इतर कामास १२ च उरतात. उचल हा भार थोडा वेळच घालते. परंतु हायड्रॉलिक मोटरवर चाके किंवा अवजार चालवावयाचे असल्यास तो सतत राहतो. शिवाय उंचीमुळे हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची शक्ती दर १०० मीटरला सुमारे शेकडा १ घटते. याकरिता शक्ती थोडी राखून ठेवावी.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. उतारावर तेल एका बाजूस गेले तरी बेअरिंगला वंगण मिळावे. याकरिता दाबाने वंगण पुरवणारा तेलपंप असावा.

२. इंजिन हवेने थंड होणारे असल्यास पात्यांत, पाण्याने थंड होणारे असल्यास रेडिएटरमध्ये धूळ साचते. ती रोज साफ करता यावी.

३. हवेची गाळणी मोठी व उंचावर असावी. धूळ आत गेल्यास सिलिंडर व रिंगा लवकर झिजतात.

४. सुटे भाग व जाणकार मिस्त्री तालुक्यातच मिळावेत.

तयार ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषि यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा. त्यात शक्ती, इंधनखर्च व उचल यांचे मोजलेले आकडे असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आकडे शेतकरी बंधूंना समजावून द्यावेत. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर वाफसा निघून जातो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.