जुन्या वस्त्राचे नवे मोल

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा आणि त्याच्या पंचक्रोशीतील शिवार काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचे आहे. कापूस, सोयाबीन व हळद ही या परिसरातील महत्त्वाची पिके होत. येथील कापूस जिनिंगमध्ये जातो, तेथून सूतगिरणीत, आणि अनेक हातांतून फिरून अखेर वस्त्ररूपाने बाजारात येतो. मात्र ज्या घराने हा कापूस पिकविला, त्याच घरात आठवडी बाजारातून येणारी साडी आज बहुधा पॉलिएस्टरची असते. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या बदलामुळे ग्रामीण जीवनातील एक जुने चक्र मध्येच तुटले आहे.

जगभर ज्या विचाराला आज ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असे नाव मिळाले आहे, तो विचार असा की, वस्तू वापरून फेकून न देता तिचा दीर्घकाळ उपयोग करावा, ती दुरुस्त करावी आणि निकामी झाल्यावर तिच्यातील द्रव्य पुन्हा कामी आणावे. मराठवाड्यातील गृहिणीला हे नाव ठाऊक नसेल; व्यवहार मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

लुगड्याचा प्रवास

नऊवारी सुती लुगडे विरले की त्याचा धड भाग दुपट्यासाठी वा बाळोत्यासाठी निघे. उरलेल्या भागाची वाकळ किंवा गोधडी होई. आत जुन्या धोतरांचे व सदऱ्यांचे तुकडे, वर मऊ लुगड्याचे आवरण आणि या साऱ्यांना एकत्र बांधणारा धावदोरा, एवढेच तिचे साहित्य. गोधडीही फाटली की तिच्या चिंध्यांचे पायपुसणे किंवा पोतेरे होई. शेवटी उकिरड्यावर गेलेली चिंधी कुजून खतात मिसळे आणि ते खत पुन्हा शेतात जाई. जे कपडे घरात उपयोगी नसत ते बोहारीण भांड्याच्या मोबदल्यात घेऊन जाई. तिच्या घासाघिशीची आपण थट्टा करीत आलो; पण जुने कपडे दारोदार गोळा करण्याची एवढी चोख व्यवस्था कोणत्याही नगरपालिकेला अद्याप उभारता आलेली नाही.

खुद्द कापसाच्या झाडाचाही असाच हिशेब आहे. एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई मिळते. उरते ती मुख्यतः सरकी. सरकीचे तेल निघते आणि पेंड दुभत्या जनावरांना जाते. पऱ्हाट्या चुलीत जातात. मुंबई येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९२४) पऱ्हाट्यांपासून दाबून फळ्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. जळणासाठी बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. तेव्हा पुनर्वापर चांगला असला तरी तो वेळेत व्हावयास हवा. पऱ्हाट्यांचा भुगा करून त्या लवकर जमिनीत गाडणे किंवा कारखान्याकडे पाठविणे श्रेयस्कर.

चक्र कोठे तुटले?

२०२३ मध्ये जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतूंचे उत्पादन झाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा खनिज तेलापासून बनणाऱ्या पॉलिएस्टरचा होता. हे कापड स्वस्त, चमकदार व लवकर वाळणारे असते, हे मान्य केले पाहिजे. मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीने ते पसंत केले तर तिला दोष देता येणार नाही. परंतु ते घाम शोषत नाही, म्हणून बाळोत्याच्या कामाचे नाही. कुजत नाही, म्हणून खताच्या कामाचे नाही. आणि जाळल्यास वितळून घातक धूर सोडते. सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडातील तंतू वेगळे करणे तर फारच कठीण. जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे बनण्याचे प्रमाण जगात एक टक्क्याहूनही कमी आहे, याचे हे एक प्रमुख कारण होय.

जुन्या कापडाचा उद्योग होऊच शकत नाही, असे मात्र नाही. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे नवे सूत काढले. मराठी मनावर १७६१ च्या रणांगणाने कोरले गेलेले पानिपत आज याच विद्येसाठी जगात ओळखले जाते. तेथे परदेशांतून आलेले जुने कपडे रंगांनुसार निवडले जातात, त्यामुळे सूत पुन्हा रंगविण्याची फारशी गरज राहत नाही. त्या सुतापासून ब्लँकेट विणले जातात. कामगारांच्या छातीत जाणारी धूळ ही या उद्योगाची काळी बाजू आहे आणि अनुकरण करणाऱ्यांनी तिच्याकडे डोळेझाक करू नये. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य देशांना कापडाचा कचरा स्वतंत्रपणे गोळा करणे बंधनकारक केले आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती काय?

स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात गावपातळीवरील घनकचरा व्यवस्थापनाचा समावेश करण्यात आला. हट्ट्यासारख्या गावात ओला व सुका कचरा वेगळा करतानाच कापडासाठी निराळे पोते ठेवणे खर्चाचे काम नाही. सुती कापड बचत गटांकडे जावे, कृत्रिम धाग्याचे निराळे राहावे. किमान ते ओढ्यात वा उकिरड्यावरील आगीत तरी जाऊ नये. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी कापडाचा एक धागा जाळून दाखविला, तर सूत राख होते आणि पॉलिएस्टरची कडक गुठळी होते, हा भेद विद्यार्थी घरीही सांगतील.

गोधडीच्या बाबतीत खरी अडचण मोबदल्याची आहे. एक मोठी गोधडी हाताने शिवण्यास कित्येक दिवस लागतात, आणि गिऱ्हाईक तिची तुलना यंत्रावर बनलेल्या ब्लँकेटशी करते. ‘उमेद’ अभियानाच्या (२०११) माध्यमातून उभ्या राहिलेल्या गटांनी गोधडीची किंमत ठरविताना कापड जुने म्हणून ते फुकट न धरता, शिवणाऱ्या स्त्रीच्या दिवसांची मजुरी प्रथम मांडावी आणि मगच माल प्रदर्शनात पाठवावा.