आजचं चिंतन: आठ प्रहरांतलं एक निमिष



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ९ आणि त्यावरचं ज्ञानेश्वरीतलं विवेचन.

मागच्या रविवारी माझी मावसबहीण घरी आली होती. नोकरीचं पहिलंच वर्ष आहे तिचं. चहा पिता पिता मध्येच म्हणाली, “ताई, मी दर महिन्याला ठरवते, रोज जप करायचा, रोज वाचायचं. पाच-सहा दिवस होतं आणि सुटतं. माझी श्रद्धाच कमी आहे का गं?”

मला तेव्हा तिला नीट उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतःला कित्येक वर्षं विचारत आले आहे. आजचं चिंतन तिच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

श्लोक काय सांगतो

बारावा अध्याय भक्तियोगाचा. फक्त २० श्लोक. आठव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की मन आणि बुद्धी दोन्ही माझ्या ठिकाणी ठेव. पण नववा श्लोक सुरू होतो तो हे जमलं नाही तर काय, या मुद्द्यावरच. चित्त स्थिर ठेवता येत नसेल तर अभ्यासाने माझ्यापर्यंत ये. दहावा श्लोक म्हणतो, अभ्यासही होत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. आणि अकरावा म्हणतो, तेही होत नसेल तर कर्माच्या फळाची आस सोड.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे आपल्याला न जमणं देवाने आधीच धरलेलं आहे! ज्याचं मन आपोआप लागतं, त्याच्यासाठी आठवा श्लोक पुरे होता. नववा श्लोक ज्याचं मन लागत नाही त्याच्यासाठीच आहे.

आणि इथला ‘अभ्यास’ म्हणजे शाळेतला अभ्यास नव्हे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणं, म्हणजे अभ्यास.

माउली काय सांगतात

ज्ञानेश्वर महाराज या श्लोकापाशी अर्जुनाच्या हातात एक अगदी छोटा उपाय ठेवतात. सगळं चित्त देता येत नाही ना? मग आठ प्रहरांमधलं एखादं निमिष तरी मला देत राहा, असा त्याचा भाव आहे. एक प्रहर म्हणजे तीन तास, म्हणून आठ प्रहर म्हणजे पूर्ण २४ तास. आणि निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. यापेक्षा कमी कोणी काय मागणार?

पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. त्या निमिषात देवाचं जेवढं सुख कळेल, तेवढीच विषयांची गोडी कमी होईल, असं माउली सांगतात. ते कसं घडतं यासाठी दोन दृष्टान्त देतात. शरद ऋतू लागला की नदीचं पाणी ओसरू लागतं. आणि पौर्णिमेनंतर चंद्र दिवसादिवसाने कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो.

पुण्यातल्या लोकांना नदीचा दृष्टान्त वेगळा समजवावा लागणार नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. दिवाळीच्या सुमारास त्याच पुलावरून आपण गाडी घालतो. मधल्या काळात पाणी कोणी ढकलून काढलेलं नसतं. ऋतू बदलला आणि ते उतरलं.

चंद्राचा दृष्टान्त तर मावसबहिणीच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी संकष्टी येते. उपास सोडायच्या आधी आपण गच्चीवर जाऊन चंद्राची वाट बघतो. उगवतो तेव्हा कसा दिसतो? बऱ्यापैकी गोलच. झीज रोज चालू आहे, पण डोळ्यांत भरत नाही. आपण नेमकं इथेच सोडून देतो. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी. ‘काही फरकच पडत नाहीये’ म्हणून. फरक पडत असतो, तो दिसायला पंधरवडा जावा लागतो. आपल्या बाबतीत कदाचित पंधरा वर्षंसुद्धा.

माझं काय चुकलं

तीन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला मी मोठा संकल्प सोडला. पहाटे ५ ला उठायचं, ११ माळा जप, पूर्ण हरिपाठ, ज्ञानेश्वरीच्या १०० ओव्या आणि सकाळी ९ पर्यंत फोनला हात लावायचा नाही. रोज एका अ‍ॅपमध्ये खूण करायची. २३ दिवस सलग झाले. खरं सांगायचं तर शेवटच्या आठवड्यात मला ओव्यांपेक्षा त्या आकड्याचाच जास्त आनंद होत होता.

चोविसाव्या दिवशी ऑफिसच्या कामात रात्रीचे ३ वाजले. जाग आली तेव्हा सकाळचे ८ झाले होते. अ‍ॅपवर शून्य. मी पुन्हा सुरुवातच केली नाही. पोथी कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली, ती साडेचार महिने तिथेच राहिली.

वाचन थांबलं याचं इतकं नाही. पण विठोबाच्या तसबिरीसमोर उभं राहायची मला लाज वाटायला लागली. संध्याकाळी दिवा लावायचं कामही मी काहीतरी कारण काढून आईवर ढकलायला लागले. देवाजवळ जायला धरलेल्या नेमानेच मला देवापासून लांब नेलं.

आज कळतं की तो संकल्प मी माझ्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं माप घेऊन केला होता. आणि आयुष्यात तसे दिवस थोडेच असतात. शिवाय माउलींनी सांगितलेला क्रम मी उलटा केला होता. आधी फोन सोडायचा, झोप सोडायची, मग देव भेटेल. माउली म्हणतात, आधी निमिषभर सुख आत येऊ दे. सुटायचं ते त्याच्या मागून सुटेल.

दिंडी सांभाळते

पुढच्या वर्षी मी माउलींच्या पालखीबरोबर एक दिवस चालले, पुणे ते सासवड. तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. घाटाच्या अलीकडे मी आणि एक वयस्कर वारकरी कडेला पाणी प्यायला बसलो होतो. ते म्हणाले, वारीचं एकतिसावं वर्ष. मी विचारलं, “बाबा, इतकी वर्षं नेम कसा काय सांभाळलात?” ते हसले. “आमी कुटं सांभाळतो, माउली? दिंडी सांभाळती आमाला.”

परत येताना बसमध्ये मी याचाच विचार करत होते. पहाटे कधी निघायचं, जेवण कुठे, मुक्काम कुठे, कोणत्या वेळी कोणते अभंग, सगळं ठरलेलं. त्या बाबांना रोज सकाळी उठून ‘आज चालावंसं वाटतंय का’ हे स्वतःला विचारावं लागत नाही. पाय दुखत असले, पाऊस असला, मन उदास असलं, तरी शेजारचा निघाला की तेही निघतात.

गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो, तिथेही असंच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पण म्हणून कोणी एकटा माणूस सात दिवस उभा राहत नाही. पहारे ठरलेले असतात. एकाची वेळ संपली की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि घरी जाऊन झोपतो. सप्ताह अखंड असतो, माणूस नसतो.

हल्ली आपण हॅबिट, सिस्टीम, रूटीन असे शब्द वापरतो. वाईट नाहीत ते. पण आपल्याकडे आधीपासून शब्द आहे, नेम. आणि नेम म्हणजे मनाची ताकद नव्हे. मनाची ताकद नसेल त्या दिवशीही चालू राहील अशी व्यवस्था, म्हणजे नेम.

मी आता काय करते

एक, माप लहान. माझा नेम रोज एक ओवी, अर्थासकट. बस. ज्ञानेश्वरीत सुमारे ९००० ओव्या आहेत, म्हणजे या गतीने जवळजवळ २५ वर्षं लागतील. आधी हिशेब करून हसू आलं. मग वाटलं, घाई कसली आहे? एखाद्या दिवशी वीस वाचल्या तर आनंदच, पण त्या दिवशीही नेम एकाच ओवीचा. नेम ठरवताना आपला सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणायचा. ताप आहे, लोकल चुकली आहे, घरी पाहुणे आहेत. त्या दिवशी झेपेल तेवढंच धरायचं.

दोन, जागा आणि वेळ ठरलेली. मी पोथी वरच्या फळीवरून काढून स्वयंपाकघरातल्या एका स्वच्छ कोनाड्यात पाटावर ठेवली. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत ओवी. चहा मी कधीच विसरत नाही, त्यामुळे ओवीही विसरत नाही. आणि फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सोडला नाहीये, फक्त चार पावलं लांब ठेवला आहे.

तीन, सोबत. आम्ही तिघी मैत्रिणी आहोत. ओवी झाली की एकमेकींना ‘झालं’ एवढाच मेसेज. उपदेश नाही, चौकशी नाही. एखादीचा मेसेज आला नाही तर दुसरी तिच्या वाटची ओवी वाचून तिला पाठवते. ही आमची छोटीशी वीणा.

चार, चुकलं तर भरपाई नाही. काल राहिली म्हणून आज दोन ओव्या, असं मी करत नाही. आज फक्त आजची. गीतेच्या सहाव्या अध्यायात, २६व्या श्लोकात, भगवंत सांगतात की चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून त्याला परत आणावं. किती वेळा पळालं याची मोजदाद ते ठेवायला सांगत नाहीत. परत आणणं हाच अभ्यास आहे. म्हणून ज्या दिवशी तुम्ही चुकून परत आलात, तो दिवस अभ्यासात कमी धरू नका. मला तर वाटतं खरा अभ्यास त्याच दिवशी झाला.

दवाखान्यातली ओवी

गेल्या फेब्रुवारीत बाबांना नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. पहिल्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर त्या दिवशीची ओवी वाचली. मन लागलं असं अजिबात नाही. अर्थ दोनदा वाचूनही डोक्यात शिरला नाही. पण वाचून झाल्यावर लक्षात आलं की सबंध दिवसात तेवढा एकच मिनिट असा होता, ज्यात मी पुढे काय होईल याचा विचार करत नव्हते.

११ माळांचा संकल्प असता तर तो त्या रात्री नक्की मोडला असता. आणि ज्या वेळी देव सगळ्यात जास्त हवा होता, त्याच वेळी मी पुन्हा अपराधी वाटून त्याच्यासमोर जायचं टाळलं असतं. एक ओवी होती म्हणून दार उघडं राहिलं. बाबा आता बरे आहेत. पण ते बरे झाले म्हणून नेम फळला, असं मी म्हणणार नाही. फळ माझ्या हातात नव्हतं. ओवी होती.

मग माझ्यात फरक पडला का? रील्स अजून बघते. राग अजून येतो. माझा चंद्र अजून संकष्टीचाच आहे, बऱ्यापैकी गोल. पण संध्याकाळचा दिवा मी पुन्हा लावायला लागले आहे, आणि तसबिरीसमोर नजर वर करून उभी राहते.

तर माझ्या मावसबहिणीला उत्तर: नाही गं, तुझी श्रद्धा कमी नाही. श्रद्धा नसती तर दर महिन्याला पुन्हा ठरवलं नसतंस. तुझं माप मोठं झालंय, एवढंच.

आजचा अभ्यास

आज एकच करा. तुमच्या दिवसातली कधीही न चुकणारी एक गोष्ट शोधा. चहा, अंघोळ, लोकलमध्ये चढणं, रात्री अलार्म लावणं. तिच्याजवळ एक निमिष ठेवा. एक नाम, एक ओवी, हात जोडून एक श्वास. उद्या पुन्हा. परवा राहिलं तर तेरवा पुन्हा.

माउली, निमिषभर का होईना, आज तुमच्याकडे पाहता यावं. आणि उद्या विसरले तर परत यायला लाज वाटू नये, एवढं करा.

राम कृष्ण हरी.