बातमी कशी लिहावी



या वर्षी आमच्या भित्तिपत्रकात बातम्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ते फार सोपे असते असे मला आधी वाटायचे. ते सोपे नाही. कसे ते सांगतो.

गुरुजींनी पहिल्यांदा सहा प्रश्न शिकवले. काय झाले, कोठे झाले, केव्हा झाले, कोणाचे झाले, का झाले आणि कसे झाले. सगळे ‘क’ने सुरू होतात म्हणून लवकर पाठ होतात. जे सर्वांत महत्त्वाचे ते पहिल्या ओळीत घालायचे. गोष्ट सांगताना आपण शेवट राखून ठेवतो, बातमीत तसे चालत नाही. ओढ्याला पूर येऊन गाय वाहून गेली असेल तर तेच आधी लिहावे. सकाळी आभाळ आले, मग वारा सुटला, मग गडगडले असे लिहीत बसलो तर पूर येईपर्यंत वाचणारा घरी जातो. छापखान्यात जागा कमी पडली की बातमी शेवटून कापतात, हेही एक कारण आहे.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र म्हणजे ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकर यांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत मजकूर असे. म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. दर्पण म्हणजे आरसा. आरसा आपल्या मनाचे काही दाखवत नाही. मी मात्र दाखवले.

झाले असे की, मी एकदा बातमी लिहिली, ‘शाळेच्या खिचडीत अळ्या’. अळ्या मी पाहिल्या नव्हत्या. मला माझ्या मित्राने सांगितले आणि त्याला दुसरीतल्या एका मुलाने. तरी मी मथळा लाल शाईने लिहिला. त्या दिवशी भिंतीपाशी ही गर्दी! मला लई आनंद झाला. दुपारी काही पालक आले आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी मावशी आल्याच नाहीत. चूल पेटली नाही. ज्यांच्या घरी सकाळी भाकरी होत नाही ती मुले तशीच बसून राहिली.

घरी आईने विचारले, “आरं, तू डोळ्यानं बघितलंस का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग त्या बाईला तरी इचारलंस का?”

तेही नाही.

मी गुरुजींना सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “चल, वही घे. राहिलेली बातमी आणू.” आम्ही मावशींच्या घरी गेलो. अळ्या तांदळाच्या पोत्यात होत्या. सकाळी सुपात तांदूळ घेतल्यावर मावशींना त्या दिसल्या. त्यांनी ते तांदूळ बाजूला ठेवले, शाळेत सांगितले आणि दुसऱ्या पोत्यातल्या तांदळाची खिचडी केली. दुसरीतल्या मुलाने फक्त सूप पाहिले होते. म्हणजे तो खोटे बोलला नव्हता, पण माझी बातमी खोटी होती. मावशी म्हणाल्या, “बाळा, एकदा मला इचारायचं हुतंस.” हे मी वहीत तारीख घालून जसेच्या तसे लिहिले.

येताना गुरुजींनी ‘केसरी’ची हकीकत सांगितली. टिळक आणि आगरकर यांचा ‘केसरी’ १८८१ साली निघाला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना त्यांचे कारभारी बर्वे नीट वागवत नाहीत अशी तेव्हा चर्चा होती. त्याबद्दलची काही पत्रे ‘केसरी’कडे आली आणि त्यावरून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले आहे. महाराजांविषयी त्यांची कळकळ खरी होती, पण हातातले कागद खोटे होते. एवढे मोठे लोक फसले हे ऐकून मला जरा बरे वाटले. मग वाटले, त्यांना तुरुंग झाला, मला काय होईल?

गुरुजी हसले. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने आपल्याला बोलण्याचे आणि लिहिण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण त्याला काही बंधने आहेत. एखाद्याची खोटी बदनामी केली तर आजही कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गोष्ट खरी असेल आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितली असेल तर तो गुन्हा होत नाही. तसेच, लहान मुलाच्या हातून गुन्हा घडला तर त्याचे नाव, फोटो, शाळा काहीच छापता येत नाही. म्हणून आम्हीसुद्धा खडू चोरीच्या बातमीतले नाव काढून टाकले. (ज्याने घेतले त्याला माहीत आहे.)

वर्गात एक मुलगी म्हणाली, आता खिचडीची बातमीच नको. गुरुजी म्हणाले, पोत्यात अळ्या होत्या हे खरे आहे, ते पालकांना कळलेच पाहिजे. मग मी नवी बातमी लिहिली. मला ती खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची होती. पण चूक जेथे आणि जेवढी मोठी लिहिली, दिलगिरी तेथेच आणि तेवढीच मोठी लिहायची असे ठरले. लाल शाईने लिहिली.

मावशी परत कामावर आल्या त्या दिवशी मी ती बातमी त्यांना वाचून दाखवली, कारण त्यांना वाचता येत नाही. पहिली बातमीही त्यांनी लोकांच्या तोंडूनच ऐकली होती. “तांदळाच्या दोन पोत्यांत अळ्या सापडल्या” येथे त्यांनी मला थांबवले.

“दोन न्हाई रं, एकच पोतं हुतं.”

मी ‘दोन’ खोडून ‘एक’ केले. ती खाडाखोड भिंतीवर अजून दिसते.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी