विमापत्रातील शब्द आणि पुराचे पाणी

चेन्नईच्या दक्षिण भागात, पळ्ळिकरणै पाणथळीच्या कडेला पेरुंगुडी हा सखल परिसर आहे. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे तो नावारूपाला आला. डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा डिसेंबर 2023 मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळात चेन्नईच्या या दक्षिण भागाला पाण्याने वेढले. असे पाणी ओसरल्यावर अनेक विमेदार आपले विमापत्र प्रथमच बारकाईने वाचतात. वास्तविक ते वाचन विमा घेतानाच व्हावयास हवे.

विमापत्र हा करार आहे. त्यातील शब्दांचा अर्थ व्यवहारातील समजुतीने नव्हे, तर करारातील व्याख्येने ठरतो. वाहनविम्याचेच उदाहरण घ्या. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर पुरात आपल्या वाहनाचे झालेले नुकसान मिळत नाही. त्यासाठी ‘स्वतःच्या वाहनाची हानी’ हा भाग विमापत्रात असावा लागतो. तो असला तरी आणखी एक शब्द आडवा येतो : ‘परिणामजन्य हानी’. उभ्या गाडीत पाणी शिरले, तर ती पुराची प्रत्यक्ष हानी होय. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न झाला आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन इंजिन निकामी झाले, तर ती सामान्यतः परिणामजन्य हानी मानली जाते व दावा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये; ती ओढून कार्यशाळेत न्यावी.

दुसरा शब्द ‘घसारा’. सर्वसाधारण वाहनविम्यात रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग बदलताना त्यांच्या किमतीतून 50 टक्के वजा होतात. ‘शून्य घसारा’ हे जोडकलम घेतल्यास ही वजावट टळते.

तिसरा शब्द ‘अपुरा विमा’. 40 लाख रुपयांच्या मालमत्तेचा विमा 20 लाखांचाच असेल आणि 4 लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमानुसार 2 लाखच मिळतात. घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात मात्र हे कलम लावले जात नाही आणि पुराचा धोकाही त्यात समाविष्ट आहे.

विमापत्र हाती येताच व्याख्या, अपवाद व जोडकलमे ही तीन प्रकरणे प्रथम वाचावीत. शंका असल्यास विमा कंपनीकडून लेखी खुलासा मागावा. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. चेन्नई, मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. परंतु लोकपालही निर्णय देताना विमापत्रातील शब्दच पाहणार, हे ध्यानी ठेवावे. पावसाळ्यापूर्वी अर्धा तास काढून केलेले हे वाचन पुढील मोठा मनस्ताप टाळू शकते.