परीक्षा मुलांची नव्हे, वर्गाची

प्रश्न : बंगळूरमधल्या व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालतो. देणगीदार ‘मूल्यमापन’ मागतात. परीक्षा घेतली तर मुलं पळतील ना?

उत्तर : काळजी नको, तपासायचा असतो तो वर्ग. उत्तर प्रदेशात जौनपूरला ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. येणारी मुलं वाचू लागली, पण गावांतल्या मुलांपैकी येत होती जेमतेम 8 टक्के! नुसते गुण पाहिले असते तर ही मेख कळलीच नसती.

तेव्हा आधी हजेरी पाहा, गळालेल्यांच्या घरी विचारा.

मग ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या पद्धतीने एकेकाकडून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचून घ्या, शाळेच्या भाषेत, हसतखेळत. काही महिन्यांनी पुन्हा. निकाल भिंतीवर लावू नका. सगळी प्रगती वर्गामुळेच झाली, असंही देणगीदारांना सांगू नका. मुलं शाळेतही जातातच की.