दूरदर्शन गावात कसं आलं

संध्याकाळी मुरुडच्या कोणत्याही गल्लीतून चाला. घराघरातून टीव्हीचा आवाज येतो. कुठं मालिका, कुठं बातम्या, कुठं क्रिकेट. लहान पोरालाही त्याचं नवल वाटत नाही. पण आपल्या देशात टीव्ही आला तो माणसांना शिकवायला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दूर म्हणजे लांब. दर्शन म्हणजे पाहणं. आषाढीला पंढरपूरला जाता आलं नाही, तरी विठोबाची पूजा घरी बसून दिसते. म्हणून सरकारनं आपल्या टीव्हीला नाव दिलं दूरदर्शन.

त्याची सुरुवात दिल्लीत झाली. दिवस होता 15 सप्टेंबर 1959. तेव्हा कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस लागत. रोज लागू लागले ते 1965 साली. पुढं विक्रम साराभाई नावाच्या शास्त्रज्ञांनी आग्रह धरला, की हे यंत्र शेतकऱ्यापुढं ठेवा. 26 जानेवारी 1967 ला ‘कृषिदर्शन’ सुरू झालं. दिल्लीजवळच्या 80 गावांसाठी ते होतं. गावकरी एका जागी जमून बघत.

मुंबईला दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याला चित्र दिसू लागलं. मराठवाडा मात्र लांब राहिला. याचं कारण समजून घ्या. मनोऱ्यातून निघालेल्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, मध्ये डोंगर आहेत. त्यामुळे काही कोसांपलीकडं चित्र पोचत नाही. मग गावोगाव मनोरे किती बांधायचे?

शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. मनोराच आभाळात टांगायचा! तो म्हणजे उपग्रह. जमिनीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंच. तिथून सारा देश एका नजरेत येतो. आपल्याकडं तेव्हा असा उपग्रह नव्हता. अमेरिकेनं आपला एका वर्षापुरता वापरायला दिला. 1 ऑगस्ट 1975 पासून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत टीव्ही दिसू लागला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. आता त्याला कलबुर्गी म्हणतात.

शाळेत नाहीतर पंचायतीत एक टीव्ही. बाहेर तारेच्या जाळीची मोठी परात. सकाळी पोरांना धडे, संध्याकाळी थोरांना शेती आणि आरोग्य. वीज नाही तिथं काही ठिकाणी बॅटरीवर टीव्ही चालवला. नंतर तपासणी झाली. अक्षर न येणाऱ्या बायाही आरोग्याच्या पुष्कळ गोष्टी शिकल्या, असं दिसून आलं. वाचता येत नाही म्हणजे शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर होतं. 31 जुलै 1976 ला मुदत संपली आणि उपग्रह परत गेला.

तोपर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच एक भाग होता. 1 एप्रिल 1976 ला दोघांचे संसार वेगळे झाले. 15 ऑगस्ट 1982 ला साऱ्या देशासाठी एकच कार्यक्रम सुरू झाला, आणि चित्रात रंग आले. गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला.

1983 साली भारताचा स्वतःचा उपग्रह कामाला लागला. मग तालुक्या-जिल्ह्याच्या गावी लहान मनोरे उभे राहिले. 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. करमणूक वाढली, ते बरंच झालं. पण शेतीचा आणि आरोग्याचा धडा मागं पडला, तो पडायला नको होता.

आता पैशाचं बघू. 1985 पर्यंत टीव्ही ठेवायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. मग तो बंद झाला. तरी खर्च चालतो तो मुख्यतः सरकारी तिजोरीतून. तिजोरी भरते आपल्या करातून. आपण काडेपेटी घेतली तरी कर देतो बरं का! पण बातम्यांत सरकारचीच वाहवा असते, अशी तक्रार पहिल्यापासून होती. म्हणून 1990 साली कायदा झाला आणि 1997 साली ‘प्रसार भारती’ नावाच्या मंडळाकडं कारभार गेला. तक्रार अजून पुरती मिटलेली नाही.

मराठी वाहिनी 1994 साली निघाली. 2000 साली तिला ‘सह्याद्री’ नाव मिळालं. शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ 2015 साली आली. जुने मनोरे 2022 पर्यंत बहुतेक बंद झाले. आता चित्र थेट उपग्रहावरून छपरावरच्या छत्रीत येतं. दूरदर्शनच्या या सेवेचं नाव ‘डीडी फ्री डिश’. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा. पुढं महिन्याचं भाडं नाही. कुणी मागितलं, तर कशाचं ते विचारा आणि पावती वाचून बघा.